ताईला बोलावणं

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतो, त्याला किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. कोपरे धरायचे, झटकायचे, चालत एकमेकींपर्यंत यायचं, आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभरात तिचं तोंड मी माझ्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा जास्त वेळा बघते. म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. कोणाला पटत नसेल तर त्याने खाली येऊन चादरींच्या घड्या घालाव्यात.

तिला सगळे ताई म्हणतात. मीही म्हणते, वयाने चांगली मोठी असूनसुद्धा. तिचा धाकटा भाऊ लहान होता तेव्हा शाळा सुटली की थेट लाँड्रीत यायचा आणि टॉवेलांच्या ढिगावर बसून "ताई, भूक" एवढंच म्हणायचा. त्याचं ऐकून ऐकून सुपरवायझरपासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची ती ताई झाली. पोरगं पुढे लिफ्ट दुरुस्त करायला शिकलं. तेव्हापासून मी त्याला लिफ्टवाला म्हणते. त्याला ते आवडत नाही, आणि नाही आवडत म्हणूनच मी म्हणते.

त्यांचा बाप एके दिवशी कामावर म्हणून गेला तो परत आला नाही. लिफ्टवाला तेव्हा रांगत होता आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. शाळा तिथेच संपली. आई बरीच मानी बाई. पहिल्याच सणाला ती दोन्ही पोरांना घेऊन आपल्या भावाकडे गेली, न कळवता. भावजयीने दार उघडलं आणि म्हणाली, "अगंबाई, निदान कळवायचं तरी!" झालं. आई तशीच उंबरठ्यावरून मागे फिरली आणि तिने घरात कायदाच केला. कोणी दारात येऊन बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी सणाला जायचं नाही. भाऊ असो, बहीण असो, फोनचं बोलावणं हे बोलावणंच नाही.

पण बाई मजेशीर होती हो. पोरांना कोणी बोलावत नाही म्हणून सणाच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः आतल्या खोलीचं दार बाहेरून वाजवायची. पोरांनी आतून विचारायचं, "कोण आहे?" मग ती म्हणायची, "उद्या आमच्याकडे जेवायला या हं. नक्की या." पोरं हसून हसून लोळायची. आई गेल्यावर ताईने ते चालू ठेवलं. भाऊ मिशा फुटून बाप्या झाला तरी आदल्या संध्याकाळी ही त्याचं दार वाजवायचीच.

दुसरी गोष्ट ताटाची. सणाच्या दिवशी एक ताट जास्तीचं मांडायचं, बापासाठी. आई म्हणायची, रोज नाही पण सणाला माणूस घरी येतोच. ताट मांडायचं, पाण्याचा पेला भरायचा, आणि मग आपलं जेवायचं. बाप काही आला नाही. ताट मात्र कधी चुकलं नाही.

तर असा हा लिफ्टवाला प्रेमात पडला. चष्म्याच्या दुकानाची लिफ्ट बिघडली होती. दोन मजल्यांचं दुकान, त्यात लिफ्ट ती केवढी, पण हा तीन वेळा दुरुस्त करायला गेला. तिसऱ्या वेळी ती बिघडलेलीच नव्हती असं माझं म्हणणं आहे. तिथे काचा बसवणारी मुलगी म्हणजे आमची चष्मेवाली. लांबच्या गावची, सात भावंडांतली, बोलायला लागली की तोंडाचा पट्टा थांबत नाही. मला ती बघताक्षणीच आवडली.

लग्न साधंच झालं. ताईची खोली एकच. तिने स्वतःच दोघांना सांगितलं, "तुमचे तुम्ही वेगळे राहा. नवीन माणसांना दार लावून घ्यायला एक दार लागतं." मग मीच त्यांना आमच्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं घर मिळवून दिलं. त्या दिवशी लाँड्रीत ताई "बरं झालं, बरं झालं" असं कितीतरी वेळा म्हणाली. आणि तेवढ्याच वेळा तिने चादरीची घडी उलटी घातली.

त्यानंतर ती एकटी. घरी जायची घाई संपली. आधी शिफ्टची घंटा झाली की ही पर्स घेऊन जिन्यावर. आता यंत्रं पुसत बसायची, जी आधीच पुसलेली असायची. मी म्हटलं, "अगं, जा की घरी." तर म्हणे, "जाते हो काकू, घर कुठे पळून जातंय?"

दिवस गेले आणि वर्षाचा मोठा सण आला. त्या पोरांचा नव्या घरातला पहिलाच. माझ्या डोक्यावरच त्यांचं स्वयंपाकघर, त्यामुळे सगळी वाटाघाट मला फुकटात ऐकू यायची. "आमच्याकडे असं असतं." "हॅ, असं कुठे असतं? आमच्याकडे तर..." हसणं, भांड्यांचा आवाज, मग पुन्हा "आमच्याकडे". शेवटी त्यांनी अर्धं अर्धं करायचं ठरवलं. थोड्या रीती त्याच्या घरच्या, थोड्या तिच्या.

इकडे लाँड्रीत ताईची निराळीच गडबड. हॉटेलातून बाद झालेलं एक मोठं टेबलक्लॉथ तिने सुपरवायझरकडून रीतसर मागून घेतलं, डागाचा भाग कापला, कडा नव्याने शिवल्या आणि कोपऱ्यांवर पानं भरली. मग त्याला अशी इस्त्री केली की तसं टेबलक्लॉथ हॉटेलच्या मालकालाही कधी मिळालं नसेल. "पोरांच्या टेबलावर घालायला," ती म्हणाली. आणि सणाच्या आदल्या दिवशी, जी बाई घरी जायचं नाव घेत नव्हती, ती अर्धी शिफ्ट टाकून निघाली.

"कुठे?" मी विचारलं.

"घरी. बोलवायला येतील ना पोरं. मी नसले तर परत जातील." हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी चेष्टा करायची विसरले. हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

सणाच्या दिवशी आमचे हे दुपारचं जेवून पंख्याखाली आडवे झाले. मला झोप येईना. वरून सकाळपासून फोडणीचे, गोडाचे वास येत होते, पण ताटवाट्यांचा आवाज नाही. दुपार टळून गेली तरी नाही. इतक्या हसऱ्या घरात एवढी शांतता म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. चष्मेवालीने माझं मोठं पातेलं नेलं होतं. पातेलं काही मला लगेच नको होतं, पण कारण चांगलं होतं. गेले वर.

दार सताड उघडं. आत घडीच्या टेबलावर तीन ताटं मांडलेली, पाण्याचे पेले भरलेले, आणि दोघं दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी गप्प बसलेली. चष्मेवालीचा चेहरा भुकेने एवढासा झाला होता.

"काय रे, जेवला नाहीत?"

"ताईंची वाट बघतोय," चष्मेवाली म्हणाली. "आमच्याकडे सगळे आल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नाही. पण काकू, त्या अजून आल्याच नाहीत."

"बोलावलंत कधी?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "घरच्या माणसाला बोलावतात का? आमच्याकडे बोलावणं परक्यांना. माझ्या मोठ्या बहिणीला एकदा चुकून कोणीतरी सणाला बोलावलं, तर ती वर्षभर बोलली नाही आमच्याशी. म्हणे, लग्न झालं म्हणून मी पाहुणी झाले का? ताईंना बोलावलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? त्या तर या घरातल्या पहिल्या माणूस."

मी कपाळाला हात लावला. मग लिफ्टवाल्याकडे वळले. "आणि तू रे? तुझ्या तोंडाला कुलूप होतं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी म्हटलं होतं जाऊन येतो म्हणून. पण आम्ही वाटून घेतलं होतं ना काकू. ताट माझ्या घरचं, येणंजाणं हिच्या घरचं. आणि मला वाटलं, ते दार वाजवणं... ते घरातल्या घरात होतं. लहानपणचा खेळ. ताई आता थोडीच त्याच्यासाठी अडून बसेल?"

"अरे गाढवा, ती काल अर्धी शिफ्ट सोडून गेली त्या खेळासाठी!"

त्याचा चेहरा पडला. उठला, पायात चप्पल सरकवली, आणि नेमका फोन वाजला. दवाखान्यातली लिफ्ट मधेच अडकली होती, आत माणसं. सणाला लिफ्टना काय होतं कोण जाणे, हमखास अडकतात. तो रडवेला होऊन एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तू माणसं काढ जा. मी ताईला काढते." चष्मेवाली येते म्हणाली, पण सगळे येईपर्यंत घराचं दार लावायचं नाही हीदेखील तिच्याकडची रीत. तिला तिथेच बसवलं आणि निघाले. माझा पारा इतका चढला होता की बसमध्ये कंडक्टरने मला न विचारताच तिकीट दिलं.

ताईचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसली होती, ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून, पायात चपला. घरात बसलेली बाई आणि पायात चपला. मांडीवर कागदात गुंडाळलेलं टेबलक्लॉथ. समोर टेबलावर तीन ताटं. एक तिचं, एक बापाचं आणि यंदा एक भावाचं. जेवणारं माणूस एक, आणि तेही जेवलेलं नव्हतं.

"काकू, तुम्ही?" ती उठली आणि पटकन चपला काढल्या, चोरी पकडल्यासारख्या.

"चल. पोरं वाट बघतायत."

"बोलावलं नाही त्यांनी," ती शांतपणे म्हणाली. "काल झोपेपर्यंत बसले होते. आज सकाळीही वाटलं, उशिरा येतील. तरुण पोरं, उठायला उशीर होतो. राहू दे काकू. त्यांचा पहिला सण आहे, त्यांना एकट्याने करावासा वाटला असेल."

मी तिला सगळं सांगितलं. चष्मेवालीच्या घरची रीत, तिची रुसलेली बहीण, वाटून घेतलेल्या पद्धती, सगळं. माझा आवाज शेजारच्यांनाही ऐकू गेला असणार. ताईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पटतंय हो मला. पोरीची काही चूक नाही. पण पाय उचलत नाही, त्याला मी काय करू? आई त्या उंबरठ्यावरून मागे फिरली ना, तेव्हा मी तिचा हात धरून उभी होते. आणि बोलवायचं असतं तर तुम्ही का आलात? तुम्ही काय त्यांच्या घरच्या आहात?"

मी हात टेकले. खुर्चीत बसले आणि वैतागून म्हटलं, "बरं बाई, बस तू मानाने. ती दोघं सकाळपासून उपाशी बसलीयत, त्यांनाही बसू दे."

"उपाशी?" ती म्हणाली. "अजून?"

"मग काय सांगतेय मी मघापासून? तू आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणे."

"त्याला भूक सहन होत नाही हो! त्याचं डोकं चढतं." असं म्हणेपर्यंत तिच्या पायात चपला होत्या, कागदाचं पुडकं काखेत होतं, आणि ती जिना उतरत होती. दार मी ओढून घेतलं. पन्नाशी उलटल्यावर कोणामागे असं धावायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा लिफ्टवाला नुकताच आला होता, हाताला काळं ग्रीस. ताईला दारात बघून तो होता तिथेच उभा राहिला. तिनेच त्याच्या डोक्यावर टपली मारली. "हात धू आधी." चष्मेवाली धावत आली, ताईच्या गळ्यात पडली आणि रडायलाच लागली. "मला माहीत नव्हतं हो ताई, मला खरंच माहीत नव्हतं." ताई तिची पाठ थोपटत राहिली. मग सगळं उचलून टेबलक्लॉथ घातलं. टेबलाला ते मोठं झालं, जमिनीला टेकलं. ताई म्हणाली, "मोठं टेबल घ्याल तेव्हा बसेल." ताटं पुन्हा मांडली, अन्न गरम केलं, मला एका स्टुलावर बसवून हातात वाटी दिली. चष्मेवाली म्हणाली, "तुम्हाला मात्र बोलावते काकू, जेवायला या." म्हणजे मी परकी. असू दे.

ताई आपल्या ताटावर बसली. आणि लिफ्टवाला उठला, फळीवरून चौथं ताट घेऊन आला आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला मांडलं. विचार करून नाही हो. हात आपोआप गेला त्याचा. इतकी वर्षं तेच बघितलेलं.

चष्मेवाली वाढता वाढता थांबली. "हे कोणाचं?"

"बाबांचं," तो म्हणाला.

"मग ते ताट?" तिने ताईच्या ताटाकडे बोट केलं. "तू तर म्हणालास, तुमच्याकडे घरात नसलेल्या माणसाचं एक ताट जास्तीचं मांडतात, आणि यंदा ते ताईंचं."

"आता ताई आली ना. आता हे बाबांचं."

चष्मेवालीने पळी पातेल्यात ठेवली, आपल्या जागी बसली आणि हात मांडीवर घेतले. तिच्याकडची रीत, सगळे आल्याशिवाय घास नाही. सणाला माणूस घरी येतोच, हे तिला यानेच सांगितलेलं. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "किती वाजेपर्यंत येतात ते?"

माझी वाटी हातातच राहिली. लिफ्टवाला ताईकडे बघत होता. लहानपणी टॉवेलांच्या ढिगावरून बघायचा तसाच.

ताईने त्या चौथ्या ताटाकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "वाढ गं. ते जेवले असतील. त्यांच्या घरी."

"त्यांच्या घरी म्हणजे?" लिफ्टवाला म्हणाला.

"तू शाळेत होतास. मी बाजारात गेले होते. समोरून आले. खांद्यावर एक लहान मुलगी होती, तिच्या हातात फुगा होता. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. मग त्यांनी तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. चांगले दिसत होते. तब्येत सुधारली होती." शेवटचं ती अशा आवाजात म्हणाली जसं शेजारच्या आजारी माणसाबद्दल सांगावं.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"आणि मला? मग इतकी वर्षं ताट कशाला मांडत होतीस?"

"तू ताटाशिवाय जेवायचा नाहीस रे. एकदा विसरले तर किती रडलास, आठवतंय का तुला? नंतर तू मोठा झालास, तेव्हा बंद करता आलं असतं." तिने पाण्याचा पेला थोडा सरकवला. "पण मग मला वाट बघायला कोण उरलं असतं? सणाला कोणीतरी यायचं आहे, एवढं तरी होतं घरात."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. चादरीच्या पलीकडून हे तोंड मी इतकी वर्षं बघत होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिने उठून ते ताट उचललं, आत नेऊन नळाखाली धुतलं, पुसलं आणि फळीवर पालथं ठेवलं. न वापरलेलं ताट कोणी धुतं का? पण तिने धुतलं. मग परत येऊन बसली आणि भावाला म्हणाली, "जेव आता. डोकं चढेल."

तो जेवला. मान खाली घालून सगळं जेवला. चष्मेवाली वाढत राहिली.

निघताना चष्मेवाली दारापर्यंत आली. ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, एक विचारू? पुढच्या सणाला मी तुम्हाला बोलवायला येऊ का नको? तुम्ही घरच्याच आहात. मला पुन्हा चुकायचं नाही. तुम्ही सांगाल तसं."

ताई हसली. "ये गं. घरची म्हण, पण बोलवायला ये. माझं दार कोणी वाजवत नाही."

मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. अंधार पडत होता, घराघरांतून बोलण्याचे आवाज येत होते. बस लांबून दिसली तेव्हा मी म्हटलं, "मी येऊ का तुझ्याबरोबर? थोडा वेळ बसते. आमचे हे अजून घोरत असतील."

"नको काकू. उद्या सकाळची शिफ्ट आहे, तुम्ही जा." तिने पर्समधून सुटे पैसे काढले. "घरी ताटं तशीच मांडलेली आहेत ना, तेवढी उचलायची आहेत. तीन ताटं, त्याला कितीसा वेळ लागणार?"